कापूस टोकनचं ॲप: येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद एनजिनएक्सपासून नोडपर्यंत कशी ठेवावी

वेचणीला जोर आला की जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग लागते. ती आवरावी म्हणून खरेदी केंद्रं आणि शेतकरी उत्पादक कंपन्या मोबाइलवर टोकन देतात. मग एखाद्या सकाळी फोन येतो: "भाऊ, टोकन तर काढलं होतं मी, आता गेटवरचा माणूस म्हणते नावच नाही."

या तक्रारीमागे तीन शक्यता असतात. रिक्वेस्ट, म्हणजे फोनने पाठवलेली मागणी, सर्व्हरपर्यंत आलीच नाही. आली, पण वाटेत अडकली किंवा नाकारली गेली. किंवा टोकन निघालं, डेटाबेसमध्ये नोंदलंही गेलं, पण उत्तर कास्तकाराच्या फोनवर पोचलं नाही. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि फोनवर बोलता बोलता पाच मिनिटांत नेमकी शक्यता सांगता आली पाहिजे. लॉग, म्हणजे सर्व्हरची ओळीओळीची नोंदवही, त्यासाठीच ठेवायचा. पुढची सगळी मांडणी याच एका कामाला धरून आहे.

रचना नेहमीची धरली आहे: भाड्याचा एक उबुंटू सर्व्हर, पुढे एनजिनएक्स (बाहेरची प्रत्येक रिक्वेस्ट आधी घेऊन मागे देणारा वेब सर्व्हर), मागे नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणारं एक्सप्रेस ॲप, त्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. एक्सप्रेसऐवजी जँगो किंवा लाराव्हेल असेल तर फंक्शनांची नावं बदलतील, तत्त्वं हीच राहतील.

आधी दोन क्रमांक ठरवा

फॉरमॅटकडे वळण्याआधी हे करा, कारण नंतर जोडायला गेलं की मोबाइल ॲपची नवी आवृत्ती गावोगावच्या फोनांत पोचायला अख्खा हंगाम जातो.

पहिला क्रमांक रिक्वेस्टचा. एनजिनएक्स १.११.० पासून प्रत्येक रिक्वेस्टला स्वतःच ३२ अक्षरांचा आयडी देतो, त्याचं व्हेरिएबल 'रिक्वेस्ट आयडी'. तो स्वतःच्या लॉगमध्ये लिहायचा आणि रिक्वेस्ट पुढे देताना हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणारी जादा माहिती) मागच्या ॲपलाही द्यायचा. दोन्हीकडच्या ओळी त्यावरूनच जुळतात.

दुसरा क्रमांक व्यवहाराचा, आणि तो फोननेच तयार करायचा. कास्तकाराने 'टोकन काढा' बटण दाबलं की फोनमधलं ॲप आठ आकडी क्रमांक बनवतं आणि हेडरमध्ये पाठवतं. रेंज तुटून तीच रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी हा क्रमांक तोच राहतो; एनजिनएक्सचा आयडी मात्र दर खेपेला नवा असतो. याचे दोन फायदे. सर्व्हर हा क्रमांक आणि शेतकरी क्रमांक यांची जोडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवतो, म्हणून एकाच गाडीची दोन टोकनं निघत नाहीत. आणि काही बिघडलं तर स्क्रीनवर 'तक्रार क्रमांक' म्हणून हाच दिसतो. तो फक्त आकड्यांचा ठेवा. ३२ अक्षरांचा इंग्रजी आयडी फोनवरून वाचून दाखवणं कुणालाच जमत नाही. आठ आकडे कुणीही सांगतो.

हा क्रमांक बाहेरून येतो, त्यावर आंधळा भरवसा नको. आकडेच आहेत का, लांबी आठच आहे का, हे सर्व्हरवरच्या ॲपमध्ये तपासा. नसेल तर लॉगमध्ये 'अवैध' एवढंच लिहा.

एनजिनएक्सची ओळ

एनजिनएक्सचा मूळ 'कंबाइंड' फॉरमॅट आयपी पत्ता, लॉगिनचं नाव असेल तर ते, वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, स्टेटस (उत्तराचा तीन आकडी कोड), पाठवलेले बाइट, रेफरर (कुठल्या पानावरून आलं) आणि युजर एजंट (कुठलं ॲप किंवा ब्राउझर) एवढंच लिहितो. किती वेळ लागला हे त्यात नाही, त्यामुळे आपल्या कामाचं अर्धं उत्तरच गायब. 'लॉग फॉरमॅट' निर्देशाने स्वतःचा फॉरमॅट बनवा आणि त्याला 'एस्केप इक्वल टू जेसन' लावा (जेसन म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत). ही सोय १.११.८ पासून आहे. ती लावली की कुणी हेडरमध्ये अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ घुसवून लॉगमध्ये खोटी ओळ तयार करू शकत नाही.

घ्यायची फील्ड अशी: आयएसओ पद्धतीची वेळ, रिक्वेस्ट आयडी, व्यवहार क्रमांक, आयपी पत्ता आणि सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्या बाजूचा जोडणी क्रमांक), मेथड, क्वेरी (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) काढून टाकलेला पाथ, स्टेटस, रिक्वेस्टची लांबी, पाठवलेले बाइट, 'रिक्वेस्ट टाइम', 'अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम', 'अपस्ट्रीम स्टेटस' (अपस्ट्रीम म्हणजे मागचं ॲप) आणि मोबाइल ॲपची आवृत्ती. एका टोकनच्या रिक्वेस्टची ओळ साधारण अशी दिसेल (वाचायला सोपं जावं म्हणून नावं देवनागरीत आणि आयडी कापून):

{"वेळ":"२०२५-११-१८ ०६:४२:१७+०५:३०", "आयडी":"७३९१०४…", "व्यवहार":"४०१७२२९६", "मेथड":"पोस्ट", "पाथ":"/टोकन", "स्टेटस":४९९, "रिक्वेस्ट_टाइम":३०.००२, "अपस्ट्रीम_टाइम":"३०.००१", "अपस्ट्रीम_स्टेटस":"-"}

अपस्ट्रीमची दोन्ही फील्ड अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून लिहा. रिक्वेस्ट मागे गेलीच नाही तर तिथे आकडा नसतो, आणि दोन बॅकएंडवर प्रयत्न झाला तर स्वल्पविरामाने दोन आकडे येतात. नंबर म्हणून लिहिलं की नेमक्या बिघाडाच्या वेळी जेसन तुटतो.

आता वेळेच्या दोन आकड्यांकडे नीट पाहा, सगळ्यात जास्त माहिती तिथेच आहे. 'रिक्वेस्ट टाइम' म्हणजे फोनकडून पहिला बाइट वाचल्यापासून शेवटचा बाइट पाठवून लॉग लिहीपर्यंतचा वेळ, सेकंदांत, मिलिसेकंदापर्यंत. 'अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम' म्हणजे फक्त मागच्या ॲपकडून उत्तर मिळायला लागलेला वेळ. मूळ सेटिंगमध्ये एनजिनएक्स फोनकडून संपूर्ण बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर किंवा फोटो) आधी स्वतःकडे घेतो, मगच ॲपला देतो. म्हणून झरी-जामणीच्या किंवा मेळघाटातल्या एखाद्या गावातून, रेंजची एकच कांडी असताना कुणी सातबाऱ्याचा फोटो चढवत असेल तर रिक्वेस्ट टाइम ४८ सेकंद आणि अपस्ट्रीम टाइम ०.२ सेकंद असं दिसतं. ॲप हळू नाही, नेटवर्क हळू आहे. दोन्ही आकडे मोठे असतील तर डेटाबेसकडे बघा.

स्टेटसांपैकी काही मागच्या ॲपला कधी कळतच नाहीत, म्हणून नुसता ॲपचा लॉग ठेवून भागत नाही.

४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) हा पहिला. एनजिनएक्सची बॉडीची मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि आजच्या फोनचा फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. "फोटो जातच नाही" या तक्रारीत आधी हाच शोधा. मर्यादा ८ एमबी करा, आणि फोटो पाठवण्याआधी फोनवरच लहान करा.

४०८ येतो तो बॉडी वाचताना थांबावं लागल्यावर. मूळ मुदत ६० सेकंद, पण ती पूर्ण अपलोडची नाही. दोन वाचनांच्या मधली आहे. म्हणजे ४०८ दिसला तर फोन मिनिटभर पूर्ण गप्प होता, नुसता हळू नव्हता.

५०२ आणि ५०४ ओळखीचे आहेत: ॲप पडलं, किंवा वेळेत बोललं नाही.

आणि ४९९. हा कोड एनजिनएक्सचा स्वतःचा आहे. उत्तर मिळण्याआधी फोनने जोडणी तोडली असा त्याचा अर्थ. वरची ओळ तशीच आहे: फोनमधल्या ॲपने ३० सेकंद वाट पाहिली आणि सोडून दिलं. इथे फार लोक चुकतात. ४९९ म्हणजे टोकन निघालं नाही, असं समजू नका. फोन गेल्यावर एनजिनएक्स मागची जोडणीही बंद करतो, पण नोडमधलं काम आपोआप थांबत नाही. डेटाबेसमधली नोंद पूर्ण होते. टोकन निघालेलं असतं आणि कास्तकाराला ते माहीत नसतं. फोनवर उत्तर देण्याआधी व्यवहार क्रमांकाने डेटाबेस तपासा.

याच्या उलटही खरं आहे. २०० (सगळं ठीक) म्हणजे उत्तर पोचलं, असं नाही. टोकनचं उत्तर जेमतेम काहीशे बाइटचं असतं; ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये दिलं की एनजिनएक्सच्या लेखी काम झालं. ते पुढे फोनपर्यंत गेलं का, हे या ओळीत कळत नाही. ते कळायला हवं असेल तर टोकन स्क्रीनवर दिसल्यावर फोनमधल्या ॲपकडून छोटी 'पाहिलं' रिक्वेस्ट त्याच व्यवहार क्रमांकाने पाठवा. टोकनसारख्या कामाला एवढा खर्च नक्की करावा.

सर्व्हरवरच्या ॲपमधली ओळ

एनजिनएक्सला टोकन, गाव, शेतकरी यातलं काही कळत नाही. ती माहिती ॲपने लिहायची: एका रिक्वेस्टला एक ओळ, आणि ती रिक्वेस्ट संपल्यावर.

१. लॉगचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो मधला टप्पा) सगळ्यात आधी लावा, जेसन बॉडी वाचणाऱ्या मिडलवेअरच्याही आधी. नंतर लावलं तर बिघडलेला जेसन आला की तो वाचणारा पार्सर तिथूनच ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देऊन मोकळा होतो आणि तुमच्याकडे त्याची ओळच नसते.

२. सुरुवातीची वेळ 'एचआरटाइम' या एकाच दिशेने पुढे जाणाऱ्या घड्याळातून घ्या. साध्या तारखांची वजाबाकी केली आणि मधेच सर्व्हरचं घड्याळ दुरुस्त झालं तर कालावधी उणे येतो.

३. पाथ 'ओरिजिनल यूआरएल'मधून घ्या. एक्सप्रेसचा राउटर (पत्त्यानुसार काम वाटणारा भाग) जोडलेला असेल तर साध्या 'यूआरएल'मधून पुढचा भाग कापला जातो, आणि '/टोकन/यादी' व '/पावती/यादी' दोन्ही '/यादी' म्हणून नोंदतात. शेवटी रूटचा साचाही लिहा, म्हणजे '/टोकन/:क्रमांक'. नंतर बेरीज करताना साचाच लागतो.

४. रिस्पॉन्सच्या 'क्लोज' घटनेवर ओळ लिहा. 'फिनिश' फक्त उत्तर पूर्ण दिलं तरच येते. फोन मधेच तुटला तर येत नाही, आणि आपल्याकडे तर तेच जास्त घडतं. सध्याच्या नोडमध्ये 'क्लोज' दोन्ही वेळी येते. तिथे 'रायटेबल फिनिश्ड' तपासायचं: खोटं असेल तर निकाल 'तुटलं' असा लिहायचा. दोन्ही घटनांवर लिहिलं तर ओळी दुप्पट होतात.

५. रिक्वेस्ट आयडी 'असिंक लोकल स्टोरेज'मध्ये (एका रिक्वेस्टची माहिती तिच्या सगळ्या कामांत जपणारी नोडची सोय) ठेवा. मग डेटाबेसची चूक असो की एसएमएस पाठवण्याची, आतल्या कुठल्याही ओळीवर तो आपोआप येतो. प्रत्येक फंक्शनला हाताने द्यावा लागत नाही.

६. चार पॅरामीटरचं एरर मिडलवेअर शेवटी ठेवा आणि पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठून आली त्याचा माग) तिथेच, त्याच आयडीने लिहा. कास्तकाराला स्क्रीनवर फक्त तक्रार क्रमांक दाखवा.

रिक्वेस्ट सुरू होतानाही वेगळी ओळ लिहावी का? गरज नाही. प्रक्रिया मधेच मेली तर ॲपची ओळ राहून जाते हे खरं, पण एनजिनएक्सच्या लॉगमध्ये तोच आयडी ५०२ सह असतो.

निकाल मात्र स्टेटसपेक्षा बारीक लिहा. 'टोकन दिलं', 'आजचा कोटा संपला', 'शेतकरी नोंदणी नाही', 'आधीचंच टोकन परत दिलं' असे ठरलेले सांकेतिक शब्द. नुसता ४०९ हा स्टेटस पाहून कुणाला काय सांगणार? 'कोटा संपला' वाचून लगेच सांगता येतं.

काय लिहायचं नाही

लॉग अनेकांच्या हातात जातो. सर्व्हर बघणारा, ॲप बनवणारा, कधी व्हॉट्सॲपवर ओळी मागणारा. म्हणून त्यात आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी, पासवर्ड, लॉगिन टोकन आणि पूर्ण मोबाइल क्रमांक नको. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याआधी ज्याने विश्वासाने माहिती दिली त्या माणसाचा प्रश्न आहे. शेतकऱ्याची ओळख म्हणून तुमच्या डेटाबेसमधला अंतर्गत क्रमांक पुरतो.

पूर्ण बॉडी लिहून मग आधार क्रमांक फिल्टरने झाकायचा, हा मार्ग धरू नका. आधार १२ आकडी असतो आणि यूपीआयचा व्यवहार संदर्भही १२ आकडी असतो. फिल्टर एकतर जास्त झाकतो किंवा कमी. त्यातून मराठी कीबोर्डवर लोक ०-९ देवनागरीत टाइप करतात. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) आकड्याचं चिन्ह फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, त्यामुळे देवनागरीत टाइप केलेला आधार क्रमांक फिल्टरमधून जसाच्या तसा निसटतो. उलट बाजूने चला: लॉगमध्ये जायची परवानगी असलेल्या फील्डची यादी करा, यादीबाहेरचं काहीच लिहू नका.

मोबाइल क्रमांक यूआरएलच्या क्वेरीत पाठवत असाल तर तेही थांबवा. ॲक्सेस लॉगमधून क्वेरी काढली तरी एनजिनएक्सचा एरर लॉग रिक्वेस्टची पूर्ण ओळ क्वेरीसकट लिहितो, आणि रेफरर हेडरमधूनही ती बाहेर पडू शकते. अशी माहिती पोस्टच्या बॉडीतच गेली पाहिजे. गावाचं नावही यूआरएलमध्ये नको: 'यवतमाळ' हे सहा चिन्हांचं नाव पर्सेंट एन्कोडिंगमध्ये (पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं % चिन्हाने लिहायची पद्धत) ५४ अक्षरांचं होतं आणि नुसतं नाव टाकून लॉगमध्ये शोधलं तर सापडत नाही. सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड वापरा.

आयपी पत्ता

मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. वणी बाजूच्या शेकडो फोनांचा पत्ता लॉगमध्ये एकच दिसू शकतो. म्हणून पत्त्यावरून कास्तकार ओळखायचा नाही, आणि मिनिटाला इतक्या रिक्वेस्ट अशी मर्यादा नुसत्या पत्त्यावर घालायची नाही. सकाळी सहाला टोकन उघडलं की अख्खा परिसर बंद पडेल. गैरवापराचा तपास करायची वेळ आलीच तर पत्त्यासोबत सोर्स पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. २०११ च्या आरएफसी ६३०२ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाची शिफारसही तीच आहे.

मूळ पत्ता सांगणारं 'एक्स फॉरवर्डेड फॉर' हेडर कुणीही हाताने भरून पाठवू शकतो. एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी' सरसकट चालू न करता 'लूपबॅक' (फक्त त्याच मशिनवरून आलेलं) ठेवा, कारण एनजिनएक्स त्याच मशिनवर आहे. एनजिनएक्सच्या पुढे आणखी लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट वाटून देणारं मशिन) असेल तर रिअल आयपी मॉड्यूलमध्ये फक्त त्याचेच पत्ते विश्वासू म्हणून द्या.

घड्याळ

लॉगची वेळ +०५:३० सह लिहा. ऑफसेट नसेल तर एका फाइलमध्ये यूटीसी, दुसऱ्यात भारतीय वेळ, आणि साडेपाच तासांचा गोंधळ ठरलेला. घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम बसवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत.

सर्व्हर जिनिंगच्या ऑफिसातच ठेवला असेल तर वेगळी काळजी लागते. लाइन गेली, बॅटरी बॅकअप संपला, आणि मदरबोर्डची बटण बॅटरी मेलेली असेल तर मशिन जुन्या तारखेने उठतं. नेट येईपर्यंतच्या सगळ्या ओळी चुकीच्या तारखेच्या. बॅटरी हंगामाआधी बदला आणि वेळ जुळल्यावरच ॲपची सर्व्हिस सुरू होईल असं सिस्टिमडीमध्ये (उबुंटूत सर्व्हिस सुरू-बंद करणारा भाग) लावा.

फाइल किती वाढेल, किती ठेवायची

हिशोब सोपा आहे. दिवसाला १ लाख रिक्वेस्ट, ओळ सरासरी ६०० बाइटची, म्हणजे रोज ६० एमबी. १८० दिवसांचे १०.८ जीबी. जीझिपने असा मजकूर साधारण दहाव्या भागावर येतो, म्हणजे १ जीबीच्या आसपास. ॲपचा लॉग तितकाच धरला तरी साध्या भाड्याच्या सर्व्हरला हे जड नाही.

१८० दिवस का? सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत कंपन्यांना आणि शासकीय संस्थांना लॉग मागच्या १८० दिवसांचे, भारताच्या हद्दीत ठेवायला सांगितले आहेत. उबुंटूच्या पॅकेजमध्ये एनजिनएक्सची लॉगरोटेट सेटिंग (जुना लॉग बाजूला ठेवून नवी फाइल सुरू करणारी) लॉग रोज फिरवते आणि १४ प्रतीच ठेवते. तो आकडा १८० करा, तारखेचं नाव देणारा पर्याय लावा, परवानगी ०६४० (मालकाला लिहिणं, गटाला फक्त वाचणं) ठेवा.

फाइल फिरवल्यावर एनजिनएक्सला 'लॉगची फाइल पुन्हा उघड' असं सांगणारा यूएसआर१ सिग्नल गेलाच पाहिजे. नाही गेला तर नाव बदललेल्या जुन्या फाइलमध्येच तो लिहीत राहतो, नवी रिकामी राहते. कुणी जुनी फाइल पुसली तर आणखी वाईट: डिस्क भरलेली दिसते, पण फोल्डरांची बेरीज जुळत नाही, कारण पुसलेली फाइल अजून उघडी आहे. तेव्हा उघड्या फाइलींची यादी काढून ती शोधावी लागते. 'कॉपी ट्रंकेट' पर्याय टाळा. कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या ओळी जातात.

ॲप स्टँडर्ड आउटपुटवर लिहून जर्नलडीकडे (उबुंटूची लॉग सांभाळणारी सर्व्हिस) देत असेल तर दोन मर्यादा लक्षात घ्या. मूळ सेटिंगमध्ये एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० पेक्षा (डिस्कवर मोकळी जागा भरपूर असेल तर त्याच्या काही पटीपेक्षा) जास्त ओळी आल्या तर जर्नलडी उरलेल्या सोडून देतो. आणि जागा मूळ सेटिंगमध्ये डिस्कच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबी. ती भरली की जुनं आपोआप पुसतो. दोन्ही आकडे आपल्या हिशोबाने वाढवा.

हंगामाआधीची तपासणी

ऑक्टोबर उजाडण्याआधी पुढच्या रिक्वेस्ट मुद्दाम पाठवा आणि दोन्ही लॉगांत ओळ कशी पडते ते पाहा. एक सरळ टोकन: दोन्हीकडे एकेक ओळ, आयडी तोच. एक तुटका जेसन: ॲपमध्ये ४०० ची ओळ हवीच. एक १० एमबीचा फोटो: एनजिनएक्समध्ये ४१३, ॲपमध्ये काहीच नाही. नवी ओळ दर्शवणारं पर्सेंट एन्कोडिंग पाथमध्ये घालून एक: लॉगमध्ये ओळ एकच राहिली पाहिजे. ॲपमध्ये १० सेकंदांचा उशीर घालून, तीन सेकंदांनी फोन विमान मोडवर टाकून एक. यात फोनचा रेडिओ बंद झाल्यावर सर्व्हरला निरोप न पोचण्याची शक्यता असते आणि मग ४९९ ऐवजी २०० पडतो. म्हणून हीच चाचणी कमांड लाइनवरून जोडणी तोडूनही करा, तिथे ४९९ आणि 'तुटलं' दिसायला हवं. मग त्याच व्यवहार क्रमांकाने रिक्वेस्ट पुन्हा पाठवा: निकाल 'आधीचंच टोकन परत दिलं', आणि डेटाबेसमध्ये टोकन एकच.

शेवटची चाचणी जो माणूस हंगामात फोन उचलणार आहे त्याच्याकडून करून घ्या. त्याला फक्त आठ आकडी क्रमांक द्या आणि त्या गाडीचं काय झालं ते लॉगमधून काढायला सांगा. पाच मिनिटांत त्याला जमलं नाही तर शोधण्याची कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बसवून द्या: क्रमांक दिला की दोन्ही लॉगांतल्या ओळी आणि डेटाबेसमधलं टोकन वेळेच्या क्रमाने समोर यावं.